गॅरेजमधली डबी

१८ जानेवारी, शनिवार. दुपारचे दोन. काम: लाकडी डबीला गेलेली तड भरणे, आतली पितळी पट्टी घासणे, जाळी बदलणे. संध्याकाळी सहा वाजता तिळगुळाला पंचवीस माणसं यायची होती, म्हणजे माझ्याकडे फार तर दोन तास होते.

डबी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी आहे. मेपलच्या लाकडाची, कोपरे घासून गोल केलेले. एका अंगाला भोक आहे, त्यात बोटाएवढा सेल सरकवायचा. सेल आतल्या पितळी पट्टीला टेकला की खणातली बारीक जाळी तापते, जाळीवरचा पाला जळत नाही, नुसती वाफ निघते, आणि ती काचेच्या नळीतून ओढायची. त्याला व्हेपोरायझर म्हणतात. पाला गांजाचा असतो. दवाखान्याच्या कागदावर त्याला दुसरं, सभ्य नाव आहे, पण मी गांजाच म्हणते.

दोन वर्षांपूर्वी माझी केमो झाली. गाठ गेली, केस परत आले, हातापायांची बोटं मात्र परत आली नाहीत. म्हणजे आहेत जागेवर, पण टोकं बधिर. दिवसा बधिर आणि अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांना आग. गोळ्या तीन प्रकारच्या झाल्या. एका गोळीने मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्याच प्रोजेक्टचं नाव विसरले. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच हा मार्ग सुचवला. मिनेसोटात तो कायदेशीर आहे आणि माझ्याकडे कार्ड आहे. सिटिझनशिप होऊन सात वर्षं झाली, त्यामुळे नवऱ्याला इमिग्रेशनची भीती घालायचीही सोय उरली नाही. मुलीने ही डबी आणून दिली. "आई, ॲट लीस्ट इट्स प्रिटी," म्हणाली. झोपण्यापूर्वी दोनदा वाफ घेतली की मला पाच तास झोप लागते. माझ्यापुरता हिशेब एवढाच आहे, डबी चालू तर झोप आहे.

नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घरात नको. वास राहतो. कुणी आलं तर काय सांगायचं?"

"औषध आहे म्हणून सांगायचं."

"आपले लोक माहीत आहेत ना तुला. गॅरेजमध्ये घे."

म्हणून गॅरेजमध्ये, त्याच्या गाडीच्या मागे, एक फोल्डिंगची खुर्ची मांडली गेली. आमच्या ईडन प्रेरी गावच्या जानेवारीत गॅरेजमध्ये ठेवलेल्या बाटलीतलं पाणी दगड होतं. मी कोट, टोपी, दुहेरी मोजे घालून तिथे बसायची. ज्या पायांच्या दुखण्यासाठी बसायचं, तेच पाय गारठून आणखी दुखायचे. भांडले नाही. घरात आजारपण येऊन गेलं होतं, त्यानेही खूप केलं होतं, ड्रायव्हिंग, डबे, इन्शुरन्सचे फोन. मी म्हटलं, एवढं एक त्याच्या मनासारखं होऊ दे. आता वाटतं, चूक तिथेच झाली.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. थंडीत हीटिंगमुळे घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. त्या हवेतून रोज गोठलेल्या गॅरेजमध्ये आणि परत, असं करून डिसेंबरात लाकूड पांढुरकं पडलं. डबीसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं की मेणाचा हलका हात फिरवा. मी तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. लाकडाचं काय करायचं हे मला कागदाने सांगायला नको. नवं पोळपाट-लाटणं घरात आलं की आई त्याला आठवडाभर तेल पाजायची, रोज रात्री चोळून ठेवायचं, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं. मग ते कधी तडकत नाही. माझं पोळपाट सव्वीस वर्षांचं आहे, साताऱ्याहून आलेलं, त्याला अजून चरा नाही. मी डबीला आठवडाभर तिळाचं तेल पाजलं.

पोळपाटाला भोक नसतं आणि पोळपाटातून वीज जात नाही. तेल लाकडातून झिरपून सेलच्या भोकात उतरलं, पितळी पट्टीवर त्याचा चिकट थर बसला. डबी तापली की फोडणी जळल्यासारखा वास यायचा. मग कधी तापायची, कधी नाही. मी सेल जोरात दाबायला लागले. बोटांना जोर कळत नाही, त्यामुळे फारच दाबत असणार. मंगळवारी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, गॅरेजमध्ये बसले असताना भोकापासून वरपर्यंत तड गेली. कट असा आवाज ऐकला, हाताला काहीच जाणवलं नाही. मंगळवारपासून शनिवारपर्यंत चार रात्री मी जागी होते.

दुरुस्ती अवघड नाही. मी डिप्लोमाला असताना वर्कशॉपमध्ये कानस चालवली आहे, स्कूटरचा प्लग पॉलिश पेपरने घासून चालू केला आहे. शनिवारी दुपारी सगळं डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रावर मांडलं. रबिंग अल्कोहोल, म्हणजे आपलं स्पिरिट, काचेच्या नळीला आणि पितळेला, लाकडाला नाही. कानाच्या काडीला थोडंसं लावून पट्टीवरचं तेल उचललं, मग साध्या खोडरबराने पितळ चकाकेपर्यंत घासलं. खोडरबराचा बारीक तुकडा कापून तो काडीच्या टोकाला बांधला, म्हणजे आतपर्यंत पोचतो. तासभर गेला, पण झालं.

अडलं ते जाळीपाशी. नवी जाळी नखाएवढी असते. ती चिमट्याने खणातल्या दोन बारीक तारांच्या खाली सरकवायची. एका हाताने तार उचलून धरायची, दुसऱ्याने जाळी. तार ओढली जास्त तर तुटते. माझ्या बोटांना चिमटा धरला आहे की नाही हेच कळत नाही, बघून खात्री करावी लागते. पहिली जाळी वाकली. दुसरी उडाली आणि फ्रिजखाली गेली. एकच उरली.

नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. बेसमेंटमध्ये त्याचं टेबल आहे, त्यावर भिंग लावलेला दिवा, सोल्डरिंगचं सामान, सहा प्रकारचे चिमटे. मी खाली गेले. तो महाराष्ट्र मंडळाचा माईक उघडून बसला होता.

"पाच मिनिटं वर ये. एक तार धरायची आहे फक्त."

त्याने मान वर केली नाही. "कशाची?"

"डबीची."

"आज?"

"आज. चार रात्री झाल्या."

"अगं, माणसं यायचीत सहाला. टेबलावर पसरलंयस का ते? उचल आधी, प्लीज."

"तार धरलीस की उचलते."

"मी त्याला हात लावणार नाही. तुला माहितीय." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "सोमवारी नवीन ऑर्डर करू ना यार. हे जुनं झालं."

"सोमवारी ऑर्डर केलं तर येईल शुक्रवारी."

"मग काय करू मी? हा माईक उद्याच्या कार्यक्रमाला लागणार आहे. लोक खोळंबतील."

मी त्याच्या टेबलावरचा भिंगाचा दिवा उचलला, प्लग काढला आणि वर आणला. दिव्याखाली, डबी धरलेला डावा तळहात हलू नये म्हणून टेबलाला चिकटपट्टीने बांधून, दात आणि उजवा हात वापरून मी ती तिसरी जाळी बसवली. तार उचलायचा चिमटा दातात धरला होता. साडेतीन वाजले होते. मग तडीत सुतारकामाचा गोंद काडीने भरला, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसला आणि डबीला चार रबरबँड आवळले. गोंद पक्का व्हायला सकाळ उजाडणार होती. म्हणजे पाचवी रात्रही तशीच जाणार. डबी कपाटात पिठांच्या डब्यांमागे ठेवली आणि पाक करायला घेतला.

तिळाचे लाडू गरम पाकातच वळावे लागतात, गार झाला की मिश्रण दगड होतं. दीडशे लाडू. इतर बायका पाण्याचा हात लावून, फू फू करत वळतात. मला चटका कळत नाही, त्यामुळे मी भरभर वळते. मागच्या वर्षी मंडळात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. संपल्यावर दिव्याखाली हात धरून बघितले. उजव्या तळव्यावर दोन फोड होते.

माणसं आली. बायका वर, हळदीकुंकू, वाण, साड्या. पुरुष खाली बेसमेंटमध्ये. तिथे नवऱ्याचं काचेचं कपाट आहे, आत दिवे लावलेले, स्कॉचच्या बाटल्या स्कॉटलंडमधल्या गावांच्या नावांनी लावलेल्या. आलेला प्रत्येक पाहुणा तिथे दर्शनाला जातो. पहिल्या पगारात घेतलेली बाटली कुठली आणि ग्रीन कार्डाच्या दिवशीची कुठली, हे तो सांगतो, आणि लोक ऐकतात.

मी लाडवांचं ताट घेऊन खाली उतरत होते. मंडळातले एक काका, वयाने आणि मानाने सगळ्यांत मोठे, हातात ग्लास घेऊन कुणाच्यातरी मुलाबद्दल सांगत होते. "कॉलेज सोडून घरी आलाय. दिवसभर व्हेप ओढत बसतो. आईबाप म्हणे अँग्झायटी आहे. अहो कसली अँग्झायटी? गांजेकस म्हणायचं सरळ."

"संस्कार कमी पडतात," दुसरा कुणीतरी म्हणाला.

काकांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे बरंय. मुलगी लायनीला लागली."

माझा नवरा हसला. म्हणाला, "आमच्या घरात असलं काही चालत नाही काका. पहिल्यापासून स्ट्रिक्ट." आणि त्यांचा ग्लास भरला.

मी तिसऱ्या पायरीवर होते. बाटली तिरपी धरलेली असतानाच त्याला मी दिसले. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. उरलेल्या पायऱ्या मी त्यासाठी सावकाश उतरले.

"या वहिनी!" काका म्हणाले. "तिळगूळ घ्या, गोड बोला. एवढे लाडू एकटीने वळलेत? हाताला जादू आहे हो तुमच्या."

"जादू नाही काका," मी म्हटलं. "केमोने नसा गेल्यात. चटका कळत नाही."

काकांनी उचललेला लाडू हातातच राहिला. मग सगळे एकदम बोलायला लागले, आता कसं आहे, रिपोर्ट क्लिअर ना, देवाची कृपा. नवरा बाटलीचं बूच लावत होता, फार वेळ लावत होता. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि मी ते बोलले नाही. त्याची लाज राखली, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. ताट जड झालं होतं आणि वर पंधरा बायका वाणासाठी थांबल्या होत्या.

सगळे गेल्यावर त्याने भांडी डिशवॉशरमध्ये लावली, न सांगता. "तसंच बोलावं लागतं गं त्यांच्यासमोर," म्हणाला. "त्यात तुझाच विचार होता." मी म्हटलं, खालच्या कप्प्यात पितळी काही घालू नकोस, काळं पडतं.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, व्हाय डू यू ईव्हन लिसन टू हिम?" का ऐकते, ते तेवीस वर्षांच्या मुलीला सांगून कळत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता रबरबँड काढले. तड बंद झाली होती, नख फिरवून बघितलं, म्हणजे आवाज ऐकला, नख अडकत नव्हतं. वरचा गोंद बारीक पॉलिश पेपरने घासला. मग कागदावर लिहिलं होतं तसा मेणाचा हलका हात फिरवला, तेवढाच. सेल सरकवला. जाळी तापली. जळका वास आला नाही.

गॅरेजमध्ये जाऊन फोल्डिंगची खुर्ची आत आणली. तिच्या पायांना बर्फ वितळवायचं मीठ लागलं होतं, ते पुसलं आणि ती बेसमेंटमध्ये काचेच्या कपाटाजवळ मांडली. कपाटाच्या मधल्या फळीवरचे ग्लास खाली सरकवले. तिथे डबी ठेवली, शेजारी नळी, ब्रश, जाळ्या मागवायच्या म्हणून रिकामं पाकीट. दिवे लागले की लाकूड चांगलं दिसतं.

नवरा चहाचा कप घेऊन खाली आला. कपाटाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"इथे?"

"इथे."

"आणि कुणी आलं तर?"

"कालच येऊन गेले सगळे."

तो तिथेच उभा राहिला. मी त्याला सांगितलं की गॅरेजमधली जागा आता रिकामी आहे, गाडी फूटभर मागे लावता येईल. मग खुर्चीत बसले, मोजे काढले आणि सेल दाबला, बेताने, डोळ्यांनी बघत.