धान्य सोडलेल्या माणसांच्या गावी

पहाटे पोचायची बस कात्रजच्या अलीकडे टायर फुटून तीन-चार तास उभी राहिली, त्यामुळे वाकडच्या पुलापाशी उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पुलाखाली कंपन्यांच्या गाड्या हिंजवडीच्या दिशेने तोंड करून खोळंबल्या होत्या. सावंतवाडीहून निघाल्यापासून अंग आंबलं होतं. बॅग रस्त्याकडेला ठेवून मी सुहासला शोधू लागले. एक सडसडीत माणूस समोर येऊन उभा राहिला आणि त्याने बॅग उचलली, तेव्हा मी ती मागे ओढली. तो हसला. हसल्यावर मी त्याला ओळखलं.

सुहास माझा धाकटा भाऊ. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर. मी त्याच्याकडे दोन वर्षांनी येत होते. त्या दोन वर्षांत त्याचं पोट, गाल, गळ्याखालची वळी, सगळं गेलं होतं. ताथवड्याला जाताना गाडीत त्याने सगळं सांगितलं, आणि पुढचे कित्येक दिवस तो तेच सांगत राहिला.

कंपनीच्या तपासणीत त्याला साखर निघाली होती. आमच्या वडिलांचा पाय मधुमेहाने गुडघ्याखाली गेला. सुहास तेव्हा कॉलेजात होता आणि जखमेची पट्टी रोज तोच बदलायचा. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी तो घरी आला आणि बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत बसला, असं त्याची बायको मेघा सांगते. मग त्याला हा मार्ग सापडला. पॅलिओ. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता तेच खायचं: मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. त्याच्या डॉक्टरांनी दर महिन्याला रक्त तपासलं, गोळ्या आधी बदलल्या, मग कमी केल्या. वर्षभराने एकच उरली. हा डॉक्टरांचा भाग तो मला सांगायचा, पण घाईघाईने, गाडी थांबत नाही असं वाटेतलं एखादं स्टेशन सांगावं तसा.

त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. गॅलरीतून इंजिनिअरिंग कॉलेजांची वसतिगृहं, अर्धवट इमारतींवरच्या क्रेन आणि पाण्याचे टँकर दिसतात. सकाळी माझ्या ताटात तीन अंडी, परतलेला पालक आणि उकडलेलं रताळं आलं. कोकणातल्या बाईला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पहिले दोन दिवस मी जेवून उठायचे आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. चौथ्या दिवशी मात्र पोट हलकं वाटलं, जिना चढताना गुडघे कमी कुरकुरले. हेही लिहायला हवं. खोटं असतं तर त्याच्या मागे इतकी माणसं लागली नसती.

कारण माणसं लागली होती. कारखान्यातले, पुरवठादार, बसवाले असे कितीतरी जण त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. सकाळी प्रत्येक जण आपलं वजन आणि साखर टाकायचा, आणि सुहास चहाशिवायच्या सकाळी त्या सगळ्यांना उत्तरं देत बसायचा.

रविवारी त्याने मला चाकणजवळच्या निघोज्याला, ग्रुपमधल्या किसनरावांकडे नेलं. निगडी सोडली की तळवड्याचा रस्ता लागतो. कंटेनर, वजनकाटे, पत्र्याच्या शेड, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती. तळवड्यात इक्बालभाईंच्या दुकानापाशी थांबलो. बोकडाची कलेजी घ्यायची होती. इक्बालभाईंच्या वडिलांपासूनचं दुकान. पूर्वी रविवारचा धंदा होता, सुहाससाहेबांच्या मंडळींमुळे आता रोजचा झालाय, असं ते सुरी पुसत म्हणाले. त्यांनाही साखर आहे. मग तुम्ही का नाही करत, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले की गोळ्या चालू असताना काही सोडायचं तर आधी विचारायचं, असं डॉक्टरने बजावलंय. त्यांनी विचारलं आणि तो नको म्हणाला. सुहास हसला. डॉक्टर लोकांना आपलं गिऱ्हाईक सोडवत नाही, म्हणाला. इक्बालभाई हसले नाहीत. त्यांनी कलेजी बांधून दिली.

पुढे इंद्रायणीचा पूल. पाण्यावर पांढरा फेस साबणासारखा तरंगत होता, आणि काठावर एक बाई त्या फेसाकडे पाठ करून धुणं वाळत घालत होती.

किसनराव निघोज्याचे जुने रहिवासी. जमीन कारखान्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी खोल्या बांधल्या, दोन बस सुहासच्या कंपनीला लावल्या. त्या बसमुळेच सुहासची ओळख. पन्नाशी उलटलेला, उंच, खांद्याने रुंद माणूस. दारात येऊन त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बावीस दिस झालं ताई," ते म्हणाले, "भाकरीला शिवलो न्हाई. साहेबांनी आमाला नवा जल्म दिला."

त्यांनी पट्टा दाखवला. दोन नवी भोकं पाडली होती. पत्नी हिराबाईंनी गावठी कोंबडीचं कालवण केलं होतं आणि अळवाचं कोरड्यास (पातळ भाजी). किसनराव नुसतं कालवण वाटीने पीत होते. हिराबाई भाकरी घेऊन आत चुलीशी जेवायला बसल्या, मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून. मीही माझं ताट उचलून त्यांच्यापाशी गेले. तिथे त्या हळू आवाजात बोलल्या. डॉक्टरांनी गेल्या खेपेला नवी गोळी दिलीये, साखर लघवीवाटे बाहेर पडती म्हणे. तोंडाला सारखी कोरड असते. रात्रीची झोप नाही. आणि जेवण बदलल्याचं त्यांनी डॉक्टरला सांगितलेलंच नाही.

परतताना मी हे सगळं सुहासला सांगितलं, जसंच्या तसं. तो गाडी चालवत होता, समोर ट्रेलर आडवा झाला होता. साखर उतरतेय ना, म्हणाला, मग गोळी काय, आपोआप सुटेल. मी खिडकीची काच वर घेतली, ट्रेलरचा धूर आत येत होता.

बुधवारी आम्ही जेवायला बसलो असताना फोन आला. सुहासच्या हाताला तेल होतं, म्हणून त्याने स्पीकर लावला. किसनरावांचा आवाज मला आधी ओळखू आला नाही.

"साहेब... सकाळधरनं उलट्या... पोटात लई दुखतंय."

"साखर किती?"

"एकशे साठ... हाय."

"मग घाबरू नका. साखर ताब्यात आहे. अंग जुनी सवय सोडतंय, होतं असं. मीठ-लिंबाचं पाणी घ्या, पडून राहा. दोन दिवसांत मोकळं वाटेल."

"बरं... साहेब."

प्रत्येक शब्दानंतर ते श्वास घेत होते. जिना चढून आलेला माणूस घेतो तसा, पण तो जिना संपत नव्हता. मी सुहासकडे बघितलं. त्याने फोन उलटा ठेवला आणि जेवू लागला. मेघाने ताट पुढे सरकवलं. मीही जेवले.

शुक्रवारी दुपारी किसनरावांच्या पुतण्याचा फोन आला की काकांना चिंचवडला दवाखान्यात ठेवलंय, अतिदक्षता विभागात. सुहास कंपनीतून परस्पर तिकडे गेला, मी रिक्षाने पोचले. हिराबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली. डॉक्टर तरुण होते, दमलेले. त्यांनी सुहासला आणि पुतण्याला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मी जवळच उभी होते. रक्त आम्लासारखं झालंय. एरवी साखर फार वाढली की असं होतं. पण ही गोळी चालू असताना धान्य-साखर एकदम बंद केली, वर उलट्या झाल्या, पोटात काही राहिलं नाही, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही होतं. मशीनवरचा आकडा ठीक दिसतो, म्हणून लोक घरी थांबतात. उलट्या सुरू झाल्या त्या दिवशी आणलं असतं तर बरं झालं असतं.

"घरी कुणी सांगितलं थांबायला?" डॉक्टरांनी विचारलं.

पुतण्याने हिराबाईंकडे बघितलं. सुहासने औषधांची चिठ्ठी मागून घेतली आणि तो खाली औषधं आणायला गेला.

शनिवारी सकाळी किसनराव गेले.

सुहास दोन दिवस घराबाहेर पडला नाही. ग्रुपवर श्रद्धांजलीचे हात जोडलेले निरोप येत राहिले. त्यांच्यामध्येच कुणीतरी विचारलं की सुरण चालतो का. सुहासने फोन मेघाच्या हातात दिला आणि म्हणाला, बंद करून ठेव. मेघा घाबरली होती. तिचं म्हणणं असं की भेटायला जायचं तर जा, पण तिथे काही कबूल करू नकोस, उद्या कुणी पोलिसात गेलं तर काय करणार. तिला दोष देता येत नाही. तिच्यापुढे तिचं घर होतं. सुहासने सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारी सकाळी म्हणाला, ताई, तू येतेस का?

तोच रस्ता. तळवड्यात इक्बालभाई दुकानात होते. सुहासने गाडी थांबवली नाही, पण त्यांनी आम्हाला बघितलं आणि हात छातीशी नेला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी.

निघोज्यात ओसरीवर बायका बसल्या होत्या, पुरुष बाहेर मांडवात. पुतण्याने सुहासला खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही. ओसरीच्या पायरीशी, हिराबाईंच्या समोर, जमिनीवर बसला. कारखान्याचा भोंगा झाला आणि थांबला.

"वहिनी," सुहास म्हणाला, "बुधवारी त्यांनी मला फोन केला होता. मी दवाखान्यात जा म्हणालो नाही. थांबा म्हणालो. आणि माझ्या गोळ्या डॉक्टरांनी आधी बदलल्या होत्या, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही."

मांडवातली दोन माणसं उठून उभी राहिली. हिराबाईंनी त्यांना हातानेच बसवलं. त्या रडत नव्हत्या.

"मी दोनदा म्हनलं, चला," त्या म्हणाल्या. "बुधवारी म्हनलं, बेस्तरवारी म्हनलं. ते म्हनले, साहेबांना इचारलंय. तुमच्या सबुदाला लई मान व्हता या घरात."

सुहासची मान खाली गेली ती वर आली नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. तिथे त्याला कुणी सावरावं, असं मला वाटलं नाही.

थोड्या वेळाने हिराबाईंनीच विचारलं की तुमच्या त्या मंडळींत साखरेच्या गोळ्या खानारी आनखी किती मानसं हायेत. तो म्हणाला, आहेत. "मग हितं काय बसलाय?" त्या म्हणाल्या. "जावा, त्यांना सांगा." आणि त्या उठून आत गेल्या. आम्हाला पुन्हा बोलावलं नाही, निरोपही दिला नाही.

गावाबाहेर एका कंपनीच्या भिंतीलगत सुहासने गाडी लावली आणि माझा फोन मागून घेतला. त्याचा मेघाकडे होता. नंबर काही पाठ होते, काही त्याने मेघाला विचारून घेतले. एकेकाला फोन करून तो तेच सांगत होता: गोळ्या कुठल्या चालू आहेत, डॉक्टरांना जेवणाचं सांगितलंय का, आजच जा, उलटी झाली, दम लागला तर साखर न बघता दवाखाना गाठा. शेवटी किसनरावांचं काय झालं तेही सांगायचा, आणि आपण काय म्हणालो होतो तेही. दर वेळी. शिफ्ट सुटली, बस एकामागून एक बाहेर पडल्या, धुळीने काचा भरल्या, तरी त्याचं चालूच होतं.

बरेच जण हो म्हणाले. काहींनी फोन ठेवून दिला. भोसरीचा एक जण चिडला. इतके दिवस तुम्हीच सांगत होता, आता तुम्हीच घाबरवताय, म्हणाला, माझी साखर नॉर्मल आहे. दुसऱ्या दिवशी त्याने नवा ग्रुप काढला. जुन्यातली निम्मी माणसं तिकडे गेली. सुहासला त्यात घेतलं नाही.

मी आणखी तीन दिवस राहिले. सुहास अजूनही तसंच जेवतो, त्याच्या डॉक्टरांच्या नजरेखाली. सोडण्याचं काही कारण नाही, त्याला ते मानवलंय. फक्त आता कुणी विचारलं तर तो जेवणाबद्दल बोलत नाही.

परतीच्या दिवशी संध्याकाळी तो मला वाकडला सोडायला आला. बसला उशीर होता. पुलाखालच्या गर्दीत आम्ही दोघं बॅगेच्या दोन बाजूंना उभे होतो.

"ताई," तो म्हणाला, "तू तो फोन ऐकत होतीस ना. तुला काय वाटलं होतं?"

मी खोटं बोलू शकले असते.

"मला वाटलं होतं, त्यांना धाप लागलीये."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या खात्रीने बोलत होतास," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. रागावला नाही. बस आली, त्याने बॅग चढवून दिली आणि बस वळेपर्यंत तो तिथे उभा होता.

सावंतवाडीत येऊन आता महिना होत आला. प्रवासाहून आलेल्या माणसाला लोक काय पाहिलं ते विचारतात. मी कारखाने सांगते, रस्ते सांगते, नदीवरचा फेस सांगते. एका माणसाच्या मरणात आपला वाटा किती, हे सांगायला अजून जमलेलं नाही. म्हणून हे लिहिलं. परवा शेजारच्या वहिनींनी सुहासचा फोटो पाहिला आणि कौतुकाने विचारलं, काय खातो गं तो, आमच्या ह्यांनाही साखर आहे, सुरू करू या. मी त्यांना विचारलं की ह्यांना गोळ्या कुठल्या चालू आहेत. त्यांना माहीत नव्हतं. मग मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले.