शनी बंद हाय

“शनी बंद हाय,” अण्णा म्हणाले.

“बंद नाही, हळू आहे.”

“त्येच ते.”

संगमनेरजवळच्या एका शाळेचा हॉल. छताला मी बनवलेली सूर्यमाला टांगलेली. मध्ये पिवळा दिवा, भोवती ग्रह, सगळे एकाच मोटरवर. शनीच्या पुढचे दोन ग्रह छतात मावले नाहीत म्हणून गाळले. मी मेकॅनिकल इंजिनिअर. घर केडगावला, एमआयडीसीत छोटं वर्कशॉप. एरवी शुगर फॅक्टरीचे गिअर कापते. अण्णा संस्थेचे अध्यक्ष. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी.

मॉडेलची कल्पना विज्ञानाच्या शेख मॅडमची. त्या शिक्षणसेवक, म्हणजे आधी तीन वर्षं तात्पुरत्या, मग कायम. तिसरं वर्ष संपत आलेलं आणि कायम करायची सही अण्णांच्या हातात. त्या माझ्या शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

“बुध बघा कसा पळतोय. आन शनी अडकलेला! पाहुन्यांसमोर अपशकुन. मॅडमनी चुकीचं बनवून घेतलंय. त्यांच्या कायम व्हायच्या मीटिंगला हाच इषय घिऊ.”

शेख मॅडमचा चेहरा उतरला. माझं डोकं तडकलं. चूक असलीच तर माझ्या गिअरची, त्यांची नोकरी कशाला मध्ये?

गिअरचं काम सोपं असतं. लहान चाकाला वीस दाते आणि मोठ्याला साठ, तर लहान तीनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा. अशी चाकं जोडून मी पृथ्वीला मिनिटात एक फेरी दिली आणि शनीला अर्ध्या तासात. कारण शनीचं एक वर्ष म्हणजे आपली तीस. हे मी अण्णांना सांगितलं.

“असं कसं? आमच्या खळ्यावर मळणीला बैल गोल फिरायचे. मधल्या खांबाजवळचा निवांत, कडेचा पळायचा. लांबच्याला लई पळावं लागतं. शनी तर समद्यात लांब!”

शंका अगदीच टाकाऊ नव्हती. पण खळ्यावरचे बैल एकाच दोराला बांधलेले. ग्रहांना दावं नाही, ज्याची त्याची चाल वेगळी. सांगून पटेना, तेव्हा मी खडू घेतला.

“शाळेतलंच गणित आहे अण्णा. वर्तुळाचा परीघ दोन पाय आर. पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर. वाट झाली चौऱ्याण्णव कोटी. वर्षाचे सेकंद तीन कोटी पंधरा लाख. भागा. सेकंदाला तीस किलोमीटर.”

“सेकंदाला? आगं बाबौ!”

“आता शनी. एकशे त्रेचाळीस कोटी लांब. वाट जवळजवळ नऊशे कोटी. तीस वर्षांच्या सेकंदांनी भागलं की...”

“थांबा. तीसच कशावरनं?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकात काय बी असतंय.”

आता याला काय करावं? मी खडू खाली ठेवला. तेवढ्यात शेख मॅडम पहिल्यांदा बोलल्या.

“अण्णा, तुम्हाला साडेसाती चालू आहे ना?”

अण्णा दर शनिवारी शनीला तेल घालतात हे गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर कोण विचारणार?

“हाय. मधली अडीचकी.”

“म्हणजे एका राशीत शनी अडीच वर्षं राहतो. राशी किती?”

“बारा.”

“मग सगळ्या राशी फिरून यायला?”

“बारा अडीच तीस,” अण्णा बोलून गेले. जुन्या शाळेत अडीचाच्या पाढ्यालाही अडीचकीच म्हणत, आणि अण्णांना तो पाठ होता.

मी झटकन भागाकार उरकला. सेकंदाला साडेनऊ किलोमीटर. अण्णा फळ्याकडे बघत राहिले.

“म्हंजी पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्यानं. रांगतोयच की.”

“म्हणून तर त्याला शनैश्चर म्हणतात. हळूहळू चालणारा,” मी म्हणाले.

अण्णांनी जरा विचार केला. “मंग फास्टच करा त्याला. लवकर सुटंल आमची.”

माणूस चेष्टा करत नव्हता. मी कपाळाला हात लावणार, इतक्यात शेख मॅडम शांतपणे म्हणाल्या, “फास्ट केला तर परत पण लवकर येईल, अण्णा.”

अण्णांनी वर पाहिलं. शनीची अजून पाव फेरीही झाली नव्हती.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “मोटरला कुनी हात लावायचा न्हाई.”

उद्घाटनाला पाहुण्यांनी विचारलंच, शनी बंद आहे का? अण्णांनी त्यांना बारा अडीच तीस करून दाखवलं, मळणीच्या बैलासकट. पुढच्या मीटिंगमध्ये शेख मॅडम कायम झाल्या. फोनवर सांगताना त्या रडल्या. मलाही भरून आलं, पण लेथ चालू होता म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला गिअर रेशो समजावण्याआधी मी रास विचारून घेते.