अप्पांचा सरळ रस्ता आणि आमची एक्सेल शीट

आमच्या जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मराठी ग्रुपमध्ये किस्से केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, रिकाम्या खोक्यांसारखे साठतात. टाकून देऊ म्हणतो, पण खाली उतरतं कोण! त्यातले निम्मे गेल्या उन्हाळ्यातल्या एका ट्रिपचे आहेत. ट्रिप वाळवंटातली, एका दिवसाची, सातशे किलोमीटरची. ऐकणारा हमखास विचारतो, "मग? मजा आली का?" आणि माझी पंचाईत होते.

*

सुरुवात अप्पांपासून. अप्पा म्हणजे आमच्या निखिलचे वडील, वय एकोणऐंशी. एसटीत ड्रायव्हर होते, पाटण डेपोला. बत्तीस वर्षं कुंभार्ली घाट चढले आणि उतरले. मुलाकडे नव्वद दिवसांसाठी आले होते. निघतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ही फेरी झाली की लांबचा विमानप्रवास बंद.

पहिल्याच रविवारी चहाला जमलो होतो. निखिलने विचारलं, "अप्पा, काय काय बघायचंय? पॅरिस? स्वित्झर्लंड?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. "डोंगर नको रे बाबा! उभा जन्म वळणात गेला. एकदा सरळ रस्ता बघायचाय. समोर कुणी नाही, बाजूला कुणी नाही, आणि वळण म्हणून नाही. असतो का तसा कुठं?"

"असतो की! आउटोबान, इथला हायवे!" मंदार म्हणाला. मंदार म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण इंजिनिअर आणि सगळ्यात घाईचा.

पुढच्या शनिवारी निखिलने अप्पांना आउटोबानवर नेलं. अडीच तास ट्रॅफिकमध्ये उभे होते, पुढे ट्रक, मागे ट्रक. घरी आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "ह्यापरीस कराडचा स्टँड मोकळा!"

*

मग निखिलला आफ्रिकेतलं नामिबिया सापडलं. त्याच्या दक्षिण भागात समुद्रापर्यंत जाणारा एक रस्ता, दोन्ही बाजूंना नुसती वाळू. साडेतीनशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, एका दिवसात. शिवाय तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टेअरिंग उजवीकडे. अप्पांनी फोटो बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. "मधले दोन किलोमीटर मला द्याल का रे चालवायला?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की आम्ही सगळे एकदम "हो" म्हणालो. तेव्हापासून ती ट्रिप आमच्या सगळ्यांची झाली.

आमच्यातले गायकवाड कायझर्सलाउटर्नला रिसर्च करतात, शिकवतातही, म्हणून अप्पा त्यांना 'मास्तर' म्हणायचे. ते म्हणाले, "स्पेनमध्येही लहानसं वाळवंट आहे. शुक्रवारी जाऊ, रविवारी परत. अप्पांनाही झेपेल."

ग्रुपवर पोल टाकला. गायकवाडांना एक मत पडलं, त्यांचंच. "एकदाच जायचं तर खऱ्या वाळवंटात जाऊ," असं मीच लिहिलं होतं. तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही.

*

निखिल गाड्यांच्या कारखान्यात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याने एक्सेल केली. चौदा टॅब! पाण्याचा वेगळा, टायरचा वेगळा. 'रिस्क' नावाच्या टॅबमध्ये एकतीस ओळी होत्या. बाविसावी ओळ: 'शहामृग रस्त्यात आल्यास.' जबाबदार व्यक्ती: मंदार.

"म्हणजे मी नक्की काय करायचं?" मंदारने विचारलं.

"एस्कलेट करायचं."

"कुणाला? शहामृगाच्या मॅनेजरला?"

निखिल हसला नाही. त्याने ती ओळ पिवळी केली आणि पुढच्या रविवारची मीटिंग लावली. अप्पा खिडकीपाशी बसून ऐकत होते. "आमच्या वेळी," ते मला म्हणाले, "कंट्रोलर शिट्टी मारायचा आणि गाडी निघायची."

*

पुढचा प्रश्न, चालवणार कोण? मला गाडी येत नाही, निखिलची बायको ऋतुजा हायवेला घाबरते, गायकवाड कायम ट्रेनने फिरणारे. उरले निखिल आणि मंदार. आणि मंदारकडे जर्मन लायसन्स नव्हतं! भारतातलं इथे सहा महिनेच चालतं, शिवाय त्याची मुदतही संपली होती, आणि तो चार वर्षं 'पुढच्या महिन्यात काढतो' म्हणत होता. एकट्या ड्रायव्हरला सातशे किलोमीटर टाकले की एक्सेलचा तो चौकोन लाल व्हायचा.

मंदार टेस्टला बसला. दोन दिवस आधी अप्पांनी त्याला समोर बसवून तयारी करून घेतली. टेस्टच्या दिवशी अर्ध्या तासात परत आला. नापास!

"काय झालं?"

"पुढे आंधळं वळण होतं. अप्पांनी सांगितलं होतं तसा दोनदा लांब हॉर्न दिला. परीक्षक सीटवरून उडाला. पलीकडे वृद्धाश्रम होता."

अप्पांचा चेहरा उतरला. "घाटात हॉर्न दिला नाही तर माणूस मरतो," ते म्हणाले. "इथं दिला तर नापास. मला काय ठाऊक!" मंदारला पुढची तारीख चार आठवड्यांनी मिळाली. अप्पा आठवडाभर त्याच्याशी नजर चुकवून बोलत होते, आणि तो त्यांच्याशी.

*

चार आठवडे थांबायचंच आहे तर शाळेच्या सुट्टीतच जाऊ, असं ऋतुजा म्हणाली. निखिलची इरा आठ वर्षांची. इथे सुट्टीआधी एक दिवस शाळा बुडवायची म्हटली तरी शाळा नाही म्हणते, आणि नाही म्हणजे नाही. इरा इथेच वाढलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

अप्पांनी तिला विचारलं, "येणार ना गं वाळवंटात?"

इरा काहीतरी फटकन बोलली. अप्पांनी ऋतुजाकडे बघितलं.

"अहो अप्पा, ती म्हणतेय, तिथे तर काहीच नाहीये."

अप्पांनी टाळीच वाजवली. "तेच तर! एवढ्या लोकांत हिला एकटीला कळलं बघा!"

*

माझ्याकडे दोन कामं होती. पहिलं धपाट्यांचं. चौदा तास उन्हात टिकतील का, हे बघायला ऋतुजाने आणि मी बारा धपाटे डब्यात घालून बाल्कनीत दोन दिवस ठेवले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे मी दर तीन तासांनी वास घेऊन नोंद करत होते. शेवटचे दोन अप्पांनी खाल्ले आणि म्हणाले, "पास!"

दुसरं काम कागदपत्रांचं. तो टॅब माझा होता. मी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, पहिलं पान स्कॅन केलं, नावं तपासली, मुदती तपासल्या, नामिबियाचे व्हिसे काढले. सगळे चौकोन हिरवे! निखिलने ग्रुपवर माझं कौतुकही केलं. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

*

मंदार पास झाला त्या संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही निखिलकडे जमलो. वाळवंटाला तीन दिवस राहिले होते. तिथून परत आलो की दुसऱ्या दिवशी अप्पांचं मुंबईचं विमान. गायकवाड सहज अप्पांचा पासपोर्ट चाळत होते. आतल्या पानावर थांबले.

"निखिल, अप्पांच्या जर्मनीच्या व्हिसावर एन्ट्री शून्य एक लिहिलंय."

पेढ्यांचा बॉक्स तसाच माझ्या हातात राहिला.

"म्हणजे काय?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे अप्पा," गायकवाड म्हणाले, "एकदाच आत येता येतं. बाहेर गेलात तर परत इकडे घेत नाहीत."

निखिलने रात्रीपर्यंत सगळं करून बघितलं. अप्पांना नामिबियाहून थेट मुंबईला पाठवायचं, तर दोन ठिकाणी विमान बदलायचं, व्हीलचेअर, आणि सोबतीला कुणी नाही. ऋतुजा ठाम नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. ऐन सुट्टीत स्पेनची तिकिटंही मिळेनात. चौदा टॅब, एकतीस रिस्क, शहामृगसुद्धा! आणि तो एक आकडा आम्ही बघितला नाही. मी बघितला नाही. मी पहिलं पान स्कॅन केलं, आणि व्हिसा आतल्या पानावर होता.

मी रडायलाच लागले. अप्पाच मला समजावत होते. "अगं, तुझी काय चूक? एकेरी तिकीट होतं. आम्ही असल्या तिकिटावर किती जणांना खाली उतरवलंय."

"पुढच्या वर्षी नक्की, अप्पा," मंदार म्हणाला.

"पुढच्या वर्षीचं रिझर्वेशन कुठल्या खिडकीवर मिळतं रे?" अप्पांनी विचारलं आणि ते झोपायला गेले.

*

ट्रिपचा दिवस उजाडला. ऋतुजाने धपाटे केलेच होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी दहाच्या सुमाराला आम्ही सगळे निखिलच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये उभे होतो. गाडीचं तोंड भिंतीकडे. भिंतीला लागून कचऱ्याचे चार डबे.

अप्पा जिना उतरून आले. खाकी शर्ट इस्त्री केलेला. सरळ गाडीच्या उजव्या बाजूला गेले, दार उघडून बसले. इथे स्टेअरिंग डावीकडे असतं. निखिल म्हणायला लागला, "अप्पा, तिकडे नाही..." ऋतुजाने त्याचा हात दाबला. तो गुपचूप डावीकडे बसला, किल्ली खिशातच ठेवून. मागे ऋतुजा, इरा आणि मी. मंदार आणि गायकवाड बाहेर उभे.

अप्पांनी काच खाली केली. "मास्तर, बेल द्या."

गायकवाडांनी टपावर दोनदा थाप मारली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अप्पा समोर बघत होते, हात गुडघ्यांवर. मी धपाट्याचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. इराने एकदा हळूच जर्मनमध्ये विचारलं, आपण चाललोय का? आणि तिचं तिनेच उत्तर दिलं, "या, या." म्हणजे हो, हो.

"वेळेत आहोत ना रे?" अप्पांनी विचारलं.

निखिलने नुसती मान डोलावली.

अप्पा सीटला टेकले. "बघा," ते म्हणाले, "एवढे लांब आलो, एक वळण लागलं नाही!"