थान म्हाताऱ्याची हिरवी सुरई

"वहिनी, वीट काढा म्हणतोय ना!"

"नाही काढायची."

"बाप माझा मेलाय!"

"आणि सुरई मी घडवलीय. भट्टी गरम आहे अजून, भावोजी. गार वारा लागला की तडकेल."

"पुरायचा मुहूर्त सूर्य टेकडीआड जायच्या आतला आहे. हा चुकला तर पुढचा चाळीस दिवसांनी. ह्या उन्हाळ्यात! तोवर बाबांना काय लोणच्यासारखं मुरवत ठेवू?"

एरवी म्हातारा थान ह्यावर पोट धरून हसला असता. आता तो अंगणात, शवपेटीत निजला होता.

हुआनने भट्टीच्या भिंतीला तळवा लावला. पाचपर्यंत मोजलं आणि हात मागे घेतला. दहापर्यंत हात टिकला तरच भट्टीचं तोंड उघडायचं, हे तिला सासऱ्यानेच शिकवलेलं.

लोयांगच्या उत्तरेची ही भट्टी जिवंतांसाठी काही भाजत नसे. मातीची चूल, मातीची कोंबडी, मातीचं कोठार, सगळा सरंजाम थडग्यात ठेवायचा, मेलेल्यांच्या संसाराचा. सोळाव्या वर्षी हुआन इथे सून म्हणून आली. नवरा कालव्याच्या वेठीला गेला, तो आलाच नाही. भाऊबंद म्हणाले, हिला माहेरी पाठवा. म्हातारा म्हणाला, "हिला पाठवीन, पण हिच्यासारखे हात कुठून आणू?" झिलईत शिसं किती, तांब्याचा हिरवा कळंक किती, हे त्याने पोटच्या पोराला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं.

तिच्या दिराला, पिनला, ते तीस वर्षं सलत होतं. माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाइकाला शब्दांत गुंडाळावं तर त्यानेच. पण विस्तवापाशी बसून राहणं त्याला कधी जमलं नाही.

जाताना म्हातारा हुआनला म्हणाला होता, "माझी सुरई तू कर. अख्खी दे हं. तडकी दिलीस तर दारू गळून जाईल आणि तिकडे मी कोरडा बसेन."

"दोन घटका द्या," हुआन म्हणाली. "पेटी उचलायच्या आत सुरई हातात देते."

"आणि नाही दिलीत तर? तडकी निघाली तर?" पिनचे डोळे रडून सुजलेले. "तर उद्यापासून भट्टी माझी. कबूल?"

"कबूल."

सुरई गुंडाळायला पेंढा हवा होता. तो आणायला ती मागच्या छपरात गेली, एवढंच. कवळ उचलते तोच विटेवर वीट घासल्याचा आवाज आला.

ती धावत आली. पिन भट्टीपुढे उभा होता. शोकासाठी घातलेल्या तागाच्या झग्याच्या बाहीत त्याने वीट धरली होती आणि बाहीला धूर सुटला होता.

"एकच काढली," तो म्हणाला. "नुसतं डोकावलो. एकच, वहिनी."

आतून आवाज आला. टिंग.

दोघांनीही भट्टीकडे कान लावले. काही नाही. मग पुन्हा, जरा खोलवरून, टिंग.

आता थांबून उपयोग नव्हता. हुआनने उरलेल्या विटा ओढल्या, हातांना पेंढा गुंडाळला आणि उपडी ठेवलेली सुरई बाहेर घेतली. रंग कोवळ्या काकडीच्या सालीचा. झिलई काठाकडे ओघळून तीन थेंबांत गोठलेली. असा हिरवा तिला आजवर साधला नव्हता. तिने सुरईच्या खांद्यावरून हळूच नख फिरवलं. मानेखाली नख अडकलं. तिथून केसाएवढी रेघ पोटापर्यंत गेली होती.

"पिन!" अंगणातून थोरल्या काकांची हाक आली. "सुरई झाली का रे? माणसं खोळंबलीत!"

"आणतो, काका!" पिन ओरडला आणि लगेच कुजबुजला, "वहिनी, पाया पडतो. वीट मी काढली हे सांगू नका. पोराने बापाची सुरई फोडली असं गाव माझ्या नातवंडांना ऐकवेल. म्हणा, भाजतानाच गेली. म्हणा, तुमचा हात चुकला."

"आणि भट्टी?"

पिनने मान खाली घातली. "ते... ते मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"आधी बाबांना तर जाऊ द्या! घरातल्या घरात बघू ना. आज सगळे माझ्याकडे बघणार आहेत, वहिनी. तुमच्याकडे कोण बघतंय?"

हुआनने सुरईच्या बुडाशी पेंढा गुंडाळून ती कवेत घेतली. तडा छातीकडे आला. तिने ती फिरवून धरली, तडा बाहेरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल असा. अंगावरच्या तागातून धग लागत होती.

"काय सांगणार आहात?" पिन दारात आडवा आला. "वहिनी? अहो, बोला तरी!"

ती त्याच्या बाजूने निघाली आणि उंबरा ओलांडून अंगणात, माणसांत गेली.