ढोल आणि सोंगं
आज कपाट आवरताना तो फुलाफुलांचा शर्ट हाती आला आणि चाकणच्या आमच्या कंपनीचं कॅन्टीन आठवलं. गोव्याचा कार्निव्हल पहिल्यांदाच बघायचा म्हणून आम्ही चौघांनी सारखे शर्ट घेऊन टेबलावर मांडले होते. चाळिशी उलटलेले, पोटं सुटलेले आम्ही, तेलकट रश्शात पाव बुडवत, घरी ‘ट्रेनिंग आहे’ असं सांगायचं ठरवत होतो. प्रॉडक्शन लाइनचा प्रमुख मीच, त्यामुळे त्या महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या मी आमच्याच नावावर टाकल्या होत्या. तेवढ्यात आमचा कोकणातला ऑपरेटर आला. “साहेब, शिमग्याला दोन दिवस द्या. पालखी दारात येते, घरी आई एकटीच आहे.” “मग मशीन कोण चालवणार? आणि त्यात बघायचं काय राव, ढोल आणि सोंगं,” मी म्हणालो. सगळे फिदीफिदी हसले. त्याने टेबलावरच्या शर्टांकडे पाहिलं. “मग तुम्ही दुसरं काय बघायला चाललाय, साहेब?” एवढं बोलून तो मशीनवर गेला. आम्ही गोव्याला गेलो आणि ढोल, सोंगं बघून आलो. त्याच्या दारात पालखी आली तेव्हा म्हातारीच्या सोबतीला कोण होतं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.