लटारी शाहीर आमच्या गावात का आले नाहीत

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. गावात नाही, मुलींजवळ नाही. पार्बता, माझी बायको — तिच्याजवळ तर बोलायलाच हवं होतं, आणि तिच्याचपासून सगळ्यात जास्त लपवलं. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ तोंड उघडतो आहे. माझा धीर एवढाच.

तेव्हा आमचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. धान घरात आलं, दिवाळी झाली, की गावोगावी मंडई भरायची — दिवसाचा बाजार, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि मधल्या पटांगणात खडी गंमत. खडी, कारण सगळं उभ्यानं चालायचं. शाहीर डफ घेऊन पुढे, बाजूला ढोलकी आणि तुणतुणं, आणि मागे शाहिराची ओळ उचलून धरणारे झीलकरी. आम्हाला गमतीचं वेड होतं. आणि त्यातही लटारी शाहिराची पार्टी म्हणजे — काय सांगू तुम्हाला? वैनगंगेच्या दोन्ही काठांना त्यांचं नाव निघालं की माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची.

मी त्या पार्टीची गंमत कधीच पाहिली नाही.

एकदाही नाही. आणि गावात माझी ओळख काय होती, ठाऊक आहे? हा लटारी शाहिरामागे झील धरून आलेला माणूस.

झालं असं, की लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी अहेरीकडे बांबूतोडीला गेलो. जाताना तोरा केवढा! तिथं गेल्यागेल्या हिवतापानं धरलं. अर्धाअधिक हंगाम मी खोपटात कुडकुडत पडून काढला. शेजारच्या खोपटातला तोडकरी लटारी शाहिराच्या गावाकडचा होता. तो भात शिजेपर्यंत त्यांची गाणी म्हणायचा, आणि मी पडल्या पडल्या ती पाठ केली. त्या हंगामातली माझी कमाई म्हणाल तर तीच. रिकाम्या हातानं, गालफडं बसलेला असा मी परत आलो. गाव विचारू लागलं — कुठी होतास, काय केलंस? नव्या नवरीसमोर काय सांगायचं? की आजारी पडून होतो? तोंडातून निघून गेलं, "बांबूतोड सोडली. लटारी शाहिराच्या पार्टीत झील धरत होतो." कोणी हसू नये म्हणून लगेच एक गाणं म्हटलं. घरात बसून म्हणण्यापुरता गळा बरा होता.

एक खोटं मी बोललो. पुढची लोकांनीच विचारून विचारून माझ्याकडून काढली. शाहीर रागीट आहेत का? जेवतात काय? तुझ्यावर जीव होता का त्यांचा? मी सगळ्याची उत्तरं दिली. पार्बता दाराआडून ऐकायची. तिचा चेहरा त्या वेळी असा फुललेला असायचा, की मी आणखी दोन गोष्टी पदरच्या घालायचो. ती सगळी गाणी तिनं माझ्याकडून उचलली. रोवणीच्या चिखलात ती गायला लागली, की बायांची अख्खी रांग झील धरायची. खरं सांगतो, तिच्यासारखी ती गाणी मला कधी जमली नाहीत.

तिनं माझ्याजवळ लुगडं मागितलं नाही की बांगडी मागितली नाही. म्हणायची, "एकदा मले शाहीर दाखवा जी. शाहीर पुढं, तुमी मागं. एवढं पाह्यलं की झालं माह्यं."

आता कळलं ना, मी कुठे अडकलो होतो ते?

शेवटी व्हायचं ते झालंच. पंचांनी ठरवलं, आपल्या मंडईला लटारी शाहिराचीच पार्टी आणायची. पार्टीला सुपारी देऊन बोलवायची आमच्याकडची रीत. पाटलांनी पानसुपारी आणि नारळ फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "तुह्या घरच्यासारखे आहेत ते. तूच जाजो. तुले ते नाई म्हणनार नाईत." पार्बतानं शिदोरी बांधली. त्या दिवशी ती गावभर मिरवत होती.

डोंग्यानं नदी ओलांडून मी गेलो. शाहिराचं घर विचारत विचारत गेलो. दिसले ते — अंगणात बसून डफ उन्हाला धरत होते. चामडं तापलं की बोटानं वाजवून बघायचे, पुन्हा फिरवायचे. सडपातळ माणूस, डोक्याला साधं फडकं. मी चिंचेखाली उभा. काम केवढं होतं? पुढे व्हायचं, हात जोडायचे, सुपारी ठेवायची. ते आनंदानं आले असते, मला खात्री आहे. पण मग मंडईत सगळं गाव मला ढकलणार — जा ना, धर झील. आणि हा माणूस डफ वाजवता वाजवता मागे वळून माझ्याकडे बघणार. त्यानं एक शब्दही बोलायची गरज नव्हती. समोर पार्बता बसलेली असणार.

मी परत फिरलो. नारळ आणि सुपारी नदीत सोडून दिली.

आणि इथवरच असतं, तर मी तुम्हाला एवढं थांबवून ठेवलं नसतं. घाबरट माणसं जगात पुष्कळ आहेत. पण नुसतं 'शाहिरांना सवड नाही' म्हणालो असतो, तर पुढल्या वर्षी पुन्हा मलाच धाडलं असतं. म्हणून वाटेत मी नीट विचार करून एक वाक्य जुळवलं, आणि पाटलांच्या ओसरीवर सगळ्यांपुढे सांगितलं: "शाहीर म्हणाले, त्या गावच्या लोकाइले गाणं समजत नाई. तिथी येऊन काय करू? मलेही ओळख दाखवली नाई त्यायनं." 

मग पाटील म्हणाले, "राहू दे मंग. आपल्या गावचा कोणी त्यायच्या गमतीले जानार नाई."

आणि खरंच कोणी गेलं नाही. शेजारच्या गावांत त्यांची पार्टी यायची, वाऱ्यावर ढोलकी ऐकू यायची, आणि आमचं गाव — माझ्या अपमानापायी — घरी बसायचं. मीच तो मोडून कसा जाणार? शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून कान लावायचो. कधी एखादी ओळ कळायची, कधी नुसता ठेका. माझाही जीव त्यातच होता हो, पण ते कुणाला सांगणार?

पार्बता मात्र गायची. राग शाहिरावर, गाण्यांवर नाही, असं म्हणायची. मग एका वर्षी तिनं तेही सोडलं. ते का सोडलं, तेच सांगायचं राहिलं आहे.

मंडईचे दिवस सरत आले होते. मी घरात जाळं सांधत बसलो होतो. बाहेर मांडवात पार्बता तांदूळ निवडत होती. गावाच्या कडेला आमचं घर, समोर बोडी — आमचं लहानसं तळं. वाटेवर एक बैलगाडी थांबली. कुडाच्या फटीतून मी पाहिलं आणि ओळखलं. तेच फडकं डोक्याला.

ते मांडवापाशी आले. "बाई, आमच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली. चाक बोडीत भिजू घातलं. लाकूड फुगेपर्यंत तुमच्या सावलीत बसू द्या जी. बसल्या बसल्या दोन गाणे म्हनतो तुमच्यासाठी."

"नाव काय तुमचं?" तिनं विचारलं.

"लटारी शाहीर म्हनतेत मले."

मला तिची पाठ दिसत होती. ती उठून उभी राहिली, मांडवाच्या मेढीला धरून. मग म्हणाली, "आमाले गाणं समजत नाई, शाहीर. बोडीपल्याड बसा."

त्यांना काही उमगेना. "काऊन असं बोलून राह्यल्या बाई? माह्यं काई चुकलं काय?"

"तुमाले माईत."

त्यांनी हात जोडले आणि ते गेले. मी कुडामागे होतो. चार पावलांवर. दार उघडंच होतं.

बोडीपलीकडे झाड नव्हतं. पार्टी उन्हात बसली. ढोलकीवाल्यानं एकदा बोटं चालवून पाहिली, शाहिरांनी त्याला हातानंच थांबवलं. पार्बता बोडीकडे तोंड करून सूप मांडीवर घेऊन बसली, पण तिनं एकही खडा वेचला नाही. उन्हं कलली तेव्हा त्यांनी चाक काढलं, बसवलं, आणि गाडी वाटेला लागली. दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती.

आत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "माणूस चांगला दिसते जी तो," ती म्हणाली. "पण तुमाले बोलला. मंग मी कशी बसवू त्याले?"

तिनं पान मांडलं. मला भूक लागली होती. मी जेवलो, आणि भात आणखी मागितला. तिनं वाढला.