हमीदाखालाचे बारा पत्रे

हमीदाखाला पिंजारीण. आधी तिचं नाव लिहितो, मग बाकीचं. ती नसती तर मी मस्कतला काय, बहुतेक कुठंच पोचलो नसतो.

निघालो त्या दिवशी बाप फाट्यापर्यंत आलाच नाही. माझी पिशवी खालाच्या हातात होती. एसटी थांबली तशी तिनं स्वतः पिंजून भरलेली उशी माझ्या काखेत कोंबली. म्हणाली, "हैदराबादला माझ्या भावाकडं चाललास, परक्याकडं न्हाई. रडू नक्को, तुझं नाक आधीच मोठं हाय." नववी अर्धी टाकून मी पत्र्याची शेड उभी करायला गेलो. तिथून पुढं मस्कत. आजही तेच करतो. लोकांच्या डोक्यावर छत चढवतो, आणि कुठल्याही खोलीत शिरलो की आधी वर बघतो.

आमचं गाव लातूरकडच्या मुरुडच्या बाजूला, जुन्या सरहद्दीवर. ओढ्याच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज, आणि मध्ये दगडी करोडगिरी नाका. पलीकडून आणलेल्या मालावर तिथं जकात घ्यायचे. आजा सांगायचा, बाया पलीकडच्या बाजारातून नवी लुगडी एकावर एक नेसूनच यायच्या. नाकेदार विचारायचा, "सकाळी तर वाळलेली गेलीस, बाई?" "तिकडचं पाणी मानवलं, साहेब!" मागच्या खेपेला विमानतळावर माझ्या सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा मीही तीन शर्ट एकावर एक चढवले. रांगेत एकटाच हसत होतो.

सरहद्द पुसली, नाका उठला. त्या रिकाम्या इमारतीत खालाच्या सासऱ्यानं पिंजण मांडलं. बाहेर कापसाला पत्र्याचं शेड, आत माळवदाखाली बिऱ्हाड.

दगडी भिंती, त्यावर लाकूड, त्यावर माती, असं आमच्याकडचं माळवद. मिरगाच्या आधी त्यावर दरसाल पांढरी माती चढवायची, नाहीतर गळतं. जुनी माती कुणी काढत नाही, नवी तिच्यावरच पडते. माझा बाप या कामात लई चोख. आमच्या घरात थेंब गळत नाही, हा त्याचा तोरा. खालाच्या माळवदाची मातीही तोच बघायचा.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घरावरचं ते सगळं ओझं खाली आलं. आजा आत होता.

त्यानंतर कित्येक महिने बापाचं एकच बोलणं. "मीच टाकली रे ती माती." तो पुन्हा कुणाच्याच माळवदावर चढला नाही. शेतात जाणंही सुटलं. माझी शाळा सुटली ती त्यातच.

खालाचा नाका तेवढा उभा राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं शेडचे बाराच्या बारा पत्रे उतरवले आणि गाडीत घालून आमच्या रानात आणले. आई म्हणाली, "अवो, तुमचा कापूस?" "कापूस भिजला तर वाळवता येतो, भाभी. लेकरं कुठं वाळवू?" परतीच्या पावसात तिचा कापूस काळा पडला.

पुढं आम्ही स्लॅबचं घर बांधलं. पत्रे गोठ्यावर गेले. आई परत करते म्हणाली की खाला म्हणायची, "रहने दो." ती भिडेनं म्हणायची, आम्ही खरं धरलं.

आता माझी लेक लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आहे. ज्या शहरात मी बापाबरोबर तुरीची पोती उतरवायला जायचो, तिथं ती मेसचा डबा खात प्रश्नपत्रिका सोडवते. परवा सुट्टीला गावी गेली आणि नाक्यावरून तिनं व्हिडिओ कॉल केला. नाक्याच्या भिंतीवर क्लासचा फलक लागलाय, पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे आहेत, तो दाखवायला तिनं शेजारच्या जिन्यावरून फोन धरला. मला फलकाच्या वर माळवद दिसलं. त्यावर ताजी पांढरी माती.

लेकीला फोन खालाकडं द्यायला सांगितला. "खाला, माती कुणी टाकली?"

"मीच टाकून घेतली, बेटा. लई टपकायलंय. तुझ्या बापानं सोडलं, मग तो बी गेला. आता कोण बघतंय?"

"आजच उतरव. आमच्या आज्याचं विसरलीस काय?"

"कसं विसरंन? पण भूकंप एकदाच आला रे. पाऊस दरसाल येतो."

पाऊस अडवणारे तिचे पत्रे आमच्या म्हशींच्या डोक्यावर होते.

"आमच्या घरी येऊन राहा" म्हणालो, तर म्हणते, "आन् माझं पिंजण कोण राखील?"

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. इथं शेडवर चढलो की हातातला पाना थांबतो. माझ्यासारखे जे गाव सोडून आलेत त्यांना गाव आठवतं म्हणजे शेत आठवतं, देऊळ आठवतं. मला ते एकच माळवद आठवतं, आणि त्याखाली बसून कापूस पिंजणारी म्हातारी.

सुट्टीचा अर्ज टाकलाय. खाला, लेक हे तुला वाचून दाखवील, म्हणून शब्द देतो. आल्याबरोबर वर चढीन. घमेल्या-घमेल्यानं सगळी माती उतरवीन, माझ्या बापानं घातलेले थरसुद्धा. मग अख्ख्या नाक्यावर माझ्या हातानं पत्रे ठोकीन, आणि तुझे बारा तुझ्या कापसावर परत चढवीन. तोवर एवढं ऐक. अंगणात झोप.